आत्याचा बेंगरूळ पक्षी

आत्याला जिने झेपेनात, म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून भावाकडे तळमजल्यावर राहायला जायचं ठरवलं. सामान बांधून झालं. राहिलं फक्त काचेचं कपाट.

सणासुदीला घरभर टांगायच्या शोभेच्या वस्तू त्यात होत्या. अंड्याच्या टरफलांच्या रंगवलेल्या घंटा, चंदेरी कागदाच्या चांदण्या, दोऱ्याच्या रिळांची माणसं. सगळं हाताने केलेलं. मागे रंगाऱ्याने कपाटाचं दार आणि चौकट एकदमच रंगवली, तेव्हापासून दार चिकटलं ते चिकटलंच. आत्यालाही आता स्टुलावर चढवत नव्हतं, त्यामुळे ते उघडायचं कुणी मनावर घेतलं नाही.

सुतार म्हणाला, "दार फोडलं तर काच आत पडेल. आहे तसं खाली नेतो, पण टरफलांची हमी माझ्याकडे मागू नका."

"मग आधी फोटो काढून ठेव," आत्या भाचीला म्हणाली.

भाची विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढायची. कॅमेरा तिचा होता, दिवे मात्र घरातलेच. पहिल्या फोटोत घंटांच्या जागी ट्यूबलाइट आली. दुसऱ्यात दोरीवरचा परकर आणि भाचीचं नाक.

"नाक छान आलंय," आत्या म्हणाली.

भाचीने ट्यूब बंद केली, पडदे ओढले, परकर आत नेऊन टाकला. टेबललॅम्प कपाटाच्या बाजूच्या काचेशी ठेवला, म्हणजे उजेड तिरपा आत जाईल. काचेत मागचं काही उमटू नये म्हणून आपल्या पाठीमागे आत्याला काळी शाल पसरून उभं केलं.

"हात भरून आले गं. मी काय खुंटी आहे?"

"दोनच मिनिटं."

"तुझ्या गाड्या बऱ्या. कुरकुर करत नाहीत."

फोटो नीट यायला लागले. एकेका वस्तूचा फोटो काढत भाची मागच्या कोपऱ्यापर्यंत आली, तेव्हा चांदण्यांआड तिला एक पक्षी दिसला. टरफलाचा, मान तिरकी, एक पंख वर, एक खाली. रंगही दिलेला नव्हता.

"तो राहू दे," आत्या म्हणाली. "यांनी केला होता."

आत्याच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"इतका बेंगरूळ, की पाहुण्यांसमोर लाज वाटायची. मीच मागे सारला. बोलले काही नाहीत, पण पुन्हा कशाला हात लावला नाही."

भाचीने लॅम्प त्या कोपऱ्याशी सरकवला. घंटांवर रंगाचा थर होता, त्यातून उजेड जात नव्हता. पक्षी मात्र आतून पिवळसर उजळला. तिने फोटो काढून आत्याला दाखवला. आत्याने शाल खाली ठेवली आणि कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"अजून एक काढ. जवळून."

दुसऱ्या दिवशी सुतार आणि त्याचा भाऊ कपाट उतरवत असताना जिन्याच्या वळणावर ते कललं. आतून चुरचुर ऐकू आली. चांदण्या आणि रिळांची माणसं वाचली. घंटांचा आणि पक्ष्याचा चुरा झाला.

सुतार खजील होऊन उभा राहिला.

"तुम्ही आधीच सांगितलं होतंत," आत्या म्हणाली. दार आता फोडावंच लागलं. तिने स्वतः चुरा सुपलीत भरला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

नव्या घरात घडी बसल्यावर तिने भाचीचे फोटो समोर ठेवून घंटा पुन्हा केल्या. त्या आधीच्यासारख्याच झाल्या. पक्षीही करून पाहिला, दोनदा. दोन्ही वेळा पंख सारखे आले, मान सरळ आली.

"त्यांच्यासारखं वाकडं मला जमत नाही," ती भाचीला म्हणाली, आणि ते दोन्ही देखणे पक्षी शेजारणीला देऊन टाकले.