बकध्यानाचं कार्ड

अध्यक्षांनी शब्दकोशाच्या मुद्रिताचं पान टेबलावर आपटलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. बकध्यान : बगळ्यासारखं डोळे मिटून केलेलं ढोंगी ध्यान. अर्थाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार खालच्या उदाहरणाबद्दल होती : ‘डोळे मिटलेले, ध्यान चाललेलं, तरी साखरेच्या डब्याला कुणी हात लावला ते बरोबर दिसतं!’

“हे काढा, संपादकबाई.”

“का?”

“का काय? बैठकीआधी रोज ध्यानाला कोण बसतं? परवा डोळे मिटूनच ‘साखर कोण ढापतंय’ म्हणून कोण ओरडलं? अख्खं कार्यालय हसेल मला!”

बाईंना हसूही येत होतं आणि रागही. “वाक्य जुन्या कार्डावरचं आहे. ते काढलं तर शब्द लुळा पडेल.”

“मग खुर्ची सोडा. छपाईसाठी दुसरं कोणीही सही करेल.”

एकोणीस वर्षांचं काम, त्यातला हा शेवटचा खंड. बाईंनी जुडग्यातून कार्डांच्या कपाटाची किल्ली काढली आणि पानावर ठेवली.

कोपऱ्यात त्यांचे वडील बसले होते. कोशाची पहिली कार्डं त्यांनी लिहिलेली. आता कान गेले, तरी रोज हजर. किल्ली पाहून ते उठले, अध्यक्षांच्या बोटाखालचं उदाहरण वाचलं, खण ओढून नेमकं कार्ड काढलं आणि अध्यक्षांपुढे उलटं धरलं.

मागे बारीक अक्षर होतं : ‘घरी ऐकलेलं. बोलणारी : धाकटी, वय सहा. कोणाला उद्देशून : मला.’

“मी ध्यानाला बसलेलो,” ते मोठ्याने म्हणाले. “हिने साखर घेतली. मी डोळे न उघडता दरडावलं, तर कार्टीने मलाच हे ऐकवलं! असलं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं.” अभिमानाने त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

इतक्या वर्षांत बाईंनी ते कार्ड कधी उलटून पाहिलंच नव्हतं. त्यांनी घाईघाईने चष्मा पुसला.

अध्यक्ष ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, ‘मला’च्या खाली आजची तारीख घातली आणि पुढे एकच शब्द लिहिला : ‘मलाही.’ किल्ली बाईंकडे सरकवून ते निघून गेले.

वडिलांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

“बघ पोरी,” ते म्हणाले, “तुझं वाक्य अजून चालतंय.”