मंजुळेचा एकशे त्रेचाळिसावा दिवस

पाचगणीच्या वसतिगृहात जायच्या दिवशी सृष्टीनं वडिलांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "पप्पा, मंजुळेला खेळवा. मासं धरा, चूल पेटवा, काय करायचं ते करा. पण तिला गावाबाहेर न्यायचं न्हाई."

मंजुळा म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातली बाई. तलवारी, जादू, राक्षस आणि बर्फाचे डोंगर असलेला तो खेळ सृष्टी सगळ्यात अवघड प्रकारानं खेळायची. त्यात भूक लागायची, थंडी वाजायची, आणि मेलं की मेलंच. मेलेल्या माणसाची नोंदच खेळ पुसून टाकायचा. सृष्टीच्या आधीच्या दोघी अशाच गेल्या, एक लांडग्यांच्या तोंडी आणि दुसरी कच्चं मांस खाऊन. मंजुळा मात्र एकशे बेचाळीस दिवस तगली होती. तिच्याजवळ काजळ्या नावाचा काळा घोडा होता. शिंगरू असताना सृष्टीनं त्याला रानातून धरून आणलं होतं, आणि मंजुळेला घास भरवायच्या आधी ती त्याच्यापुढं गवत टाकायची.

नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी ऊस बघत होता. पोर घरात होती तोवर तिच्या खुर्चीमागं उभं राहून खेळ बघायची त्याला सवय लागली, आणि बघता बघता बटणंही हातात बसली. ती गेल्यावर घर मोकळं मोकळं झालं. दर रविवारी वसतिगृहातून दहा मिनिटांचा फोन यायचा. "जेवलीस का?" "व्हय." "अभ्यास?" "चाललाय." एवढ्यावर बापलेकीचं बोलणं संपायचं आणि फोन सृष्टीच्या आईकडं जायचा.

गेल्या रविवारी मात्र ती आपणहून बोलली होती. "पप्पा, मंजुळेच्या त्या औषधाला निळ्या मुळ्या सात लागतात. सहा हायत माझ्याकडं. सातवी उत्तरेच्या खिंडीत उगवते, पण तिथं लय मरतात लोक."

ते नाथाजीच्या डोक्यात बसलं. मंगळवारी सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली. म्हातारी आई, राहीबाई, सोप्यात शेंगा फोडत होती. नाथाजी कॉम्प्युटरपुढं बसला आणि मंजुळेला काजळ्यावर बसवून त्यानं गावाची वेस ओलांडली. नोकरीत त्यानं दोन हिवाळे बर्फातल्या चौकीवर काढले होते. आपल्याला बर्फाचं काय नवल, असं त्याला वाटलं. रविवारी फोनवर सांगायला काहीतरी होईल, हेही मनात होतंच.

खिंड चढायला तासभर लागला. निळी मुळी एका कातळाच्या पोटात सापडली, आणि नाथाजी एकटाच खुर्चीत हसला. आल्या वाटेनं तो परत फिरला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण नकाशावर एक जवळची वाट दिसत होती, ओढ्याच्या कडेनं सरळ गावाकडं उतरणारी. त्यानं घोडा तिकडं वळवला.

अर्ध्या वाटेत वारा सुटला. पडदा पांढराफेक झाला. ओढ्याची कड दिसेना, मग घोड्याचे कानही दिसेनात. कोपऱ्यातली थंडीची निळी पट्टी चढायला लागली. नाथाजीला चौकीवर शिकवलेलं आठवलं, गारठ्यात बसायचं नाही, डोळा लावायचा नाही, पाय हलते ठेवायचे. म्हणून तो थांबला नाही. पण खेळाचा कायदा उलटा होता. चालावं तेवढी भूक वाढत होती आणि शेकोटीशिवाय ती पट्टी खाली यायचं नाव घेत नव्हती. हे त्याच्या ध्यानात आलं तोवर थैलीतली शेवटची भाकरी संपली होती, आणि लाकडं भिजून पेट घेत नव्हती.

कशीबशी एक घळ सापडली. आत वारा कमी होता. मंजुळा दोन्ही हातांनी अंग चोळत होती, तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मागं काजळ्या मान खाली घालून उभा.

तेवढ्यात पंखा थांबला. लाईट गेली.

टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करायला लागला.  तो डबा फार तर दहा मिनिटं ओढायचा. आणि या प्रकारात झोपल्याशिवाय खेळ बंद झाला तर खेळ माणसाला मेलेलं धरायचा. त्यानं घाईनं झोपायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली. अंग इतकं गार असताना झोपता येत नाही.

"नाथा," सोप्यातून राहीबाईनं हाक मारली, "लाईट गेली रं. ते टूं टूं बंद कर की."

"थांब जरा, आई."

"कान किटलं माझं. कोण मरतंय का तिथं?"

 नाथाजीनं पुन्हा काटक्या लावून बघितल्या. विझल्या. थैली उपसली. सात मुळ्या, दोर, चाकू, रिकामा चंबू. थंडीची पट्टी शेवटच्या खुणेला भिडत आली होती आणि मंजुळेची चाल लंगडी पडली होती. यूपीएसचा आवाज आता भरभर यायला लागला.

तो काजळ्याजवळ गेला. घोड्याशेजारी उभं राहिलं की पडद्यावर शब्द यायचे, बसा, चारा द्या, थोपटा. त्यांच्याखाली आणखी एक शब्द असायचा, मारा. सृष्टीच्या मागं उभा राहून त्यानं तो कित्येकदा बघितला होता. ती त्या शब्दाकडं कधी ढुंकूनसुद्धा बघायची नाही.

मांस पोटाला, चरबी जाळायला, कातडं पांघरायला. नाथाजीला सगळा हिशेब एका क्षणात कळला, आणि तो इतक्या पटकन कळावा याची त्याला लाज वाटली.  बटणावर बोट ठेवून तो पडद्याकडं बघत राहिला. घोडा हलला नाही. खेळ बनवणाऱ्यानं त्याला पळायचं शिकवलंच नव्हतं.

"माफ कर गड्या," नाथाजी मोठ्यानं म्हणाला आणि बटण दाबलं.

चरबीवर जाळ धरला. पट्टी केसाकेसानं खाली सरकायला लागली.  टूं टूं आता सलग वाजत होतं. त्यानं झोपायचं बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा मंजुळा कातड्यात गुरफटून आडवी झाली. कोपऱ्यात नोंद झाल्याची खूण चमकली, एकशे त्रेचाळिसावा दिवस, आणि पडदा काळा झाला.

राहीबाई दारात येऊन उभी होती. "माफ कर कुणाला म्हणालास रं?"

"घोड्याला."

म्हातारीनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

रविवारपर्यंतचे दिवस नाथाजीला जड गेले. उसाला पाणी पाजताना तो मनात वाक्यं जुळवत होता. लांडग्यांनी खाल्ला म्हणावं, कड्यावरनं पडला म्हणावं. पोर तिथं नव्हती, तिला कोण सांगणार? पण फोन वाजला आणि सगळी जुळवाजुळव गळून पडली.

"सृष्टे, मी मंजुळेला खिंडीत नेली हुती."

 पलीकडं मुलींचा गलका ऐकू येत होता. "मेली?"

"न्हाई. ती हाय. काजळ्या गेला." तो थांबला. "म्या मारला त्याला. वाऱ्यात अडकलो हुतो, लाईट गेली. त्याच्याशिवाय ती जगत नव्हती."

"कशानं मारला?"

"चाकूनं."

"पळाला का?"

"न्हाई गं. उभाच हुता."

 फोन कट झाला की काय म्हणून नाथाजीनं कानापासून काढून बघितला. मग तिचा आवाज आला, घोगरा, पण स्पष्ट. "त्या येळंला मीपण मारला असता, पप्पा. पण मी तिकडं गेलेच नसते."

नाथाजी खाली बसला. असं वाक्य त्याला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. चौकीवर असताना एकदा त्यानं गस्त अशीच जवळच्या वाटेनं उतरवली होती. सगळे जिवंत आले, पण लालासाहेब नावाच्या जवानाच्या पायाची तीन बोटं कापावी लागली. सगळ्यांनी नाथाजीची पाठ थोपटली, की वादळातनं माणसं सुखरूप आणलीस. तिकडं नेलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"खरं हाय तुझं," तो म्हणाला. "तुला फोनवर सांगायला कायतरी पायजे हुतं मला. दुसरं काय न्हाई."

"मला सांगायला?" ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आता हात लावू नका तिला. दिवाळीला मी येते, मग बघू."

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. पहिले दोन दिवस बापाशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं खेळ चालू केला आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली. मंजुळा घळीत उठली. सृष्टीनं तिला सांगाड्यापाशी थोडा वेळ नुसतीच उभी केली.

"कुठली वाट धरायची?" नाथाजीनं विचारलं.

"आलेली. लांबची."

उतरायला दोन सकाळी गेल्या. ती दर थोड्या अंतरानं थांबून शेकोटी करत होती. अर्ध्या वाटेत तीन लांडगे माग काढत आले, तेव्हा नाथाजी खुर्चीच्या कडेवर सरकला. तिनं उरलेलं सगळं मांस एकदम खाली टाकलं आणि ती उपाशीपोटी पुढं सरकली. दुसऱ्या सकाळी गावाची वेस दिसली तेव्हा भुकेची पट्टी भरायला नखाएवढी जागा उरली होती. मंजुळा झोपडीत शिरली, पेज प्याली, आडवी झाली, आणि नोंदीची खूण चमकली तशी सृष्टीनं बटणावरचा हात काढून मांडीवर पुसला.

"सात मुळ्या झाल्या," नाथाजी हळूच म्हणाला.

"झाल्या." ती पडद्याकडंच बघत होती. "पप्पा, तुमी खऱ्या बर्फात हुता तवा काय काय झालतं? आई म्हणती तुमी कवा सांगतच न्हाई."

नाथाजीनं खुर्ची तिच्याकडं वळवली आणि लालासाहेबाच्या बोटांपासून सुरुवात केली.