थरथरता म

सिनेमाच्या नावाची अक्षरं काढणं हा माझा धंदा. त्यात माझं नाव झालं ते ‘मागची खोली’ या भुताच्या सिनेमामुळे, आणि तेव्हापासून मी त्याच खोलीत अडकून पडलोय. परवा लग्नाच्या विनोदी सिनेमाचा निर्माता आला, तोही म्हणाला, तसलंच काहीतरी थरथरतं द्या. नवरा घाबरलाय का, असं विचारणार होतो. पण आपलं हातावरचं पोट, म्हणून नुसती मान डोलावली.

खरं तर ती अक्षरं माझी नव्हतीच, आत्याची होती. आत्या शाळेत शिकवायची. अक्षर मोत्यासारखं. आईमागे तिनेच मला वाढवलं आणि माझ्या अक्षराला आजवर नावं ठेवली. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात थरथरायला लागला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला रोज लिहायला बसवलं. समोर दिसेल ते ती लिहायची. त्या कागदांतून मी आधी म उचलला, मग ग, च, ख, ल. शिरोरेघ मध्येच तुटलेली, काना खाली घसरत गेलेला. दिग्दर्शक बघतच राहिला. आत्याला मी काहीच सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

आता दुसरा भाग येतोय, ‘मागचा जिना’. सगळ्या भागांची नावं मीच काढायची, असा करार आहे. माझ्याकडे ज नव्हता, न नव्हता. तेव्हा लागली तेवढीच अक्षरं मी उचलली होती, बाकीचे कागद रद्दीत गेले. कॉम्प्युटरवर ओढूनताणून काढली, डाव्या हातानेही काढून पाहिली. दिग्दर्शकाने सगळी परत पाठवली. ही अक्षरं घाबरल्याचं नाटक करतायत, असं त्याचं म्हणणं.

नेमक्या त्याच आठवड्यात व्यायामाच्या बाई खुशीत म्हणाल्या की हात जवळजवळ पूर्वीसारखा झाला. मला आधी ज आणि न आठवले. मला माझीच लाज वाटली, पण आठवायचे ते आठवलेच. दुपारी मी आत्यापुढे कागद सरकवला आणि सहज म्हणून ‘मागचा जिना’ लिहायला सांगितलं. तिने लिहिलं. पट्टी लावल्यासारखी सरळ शिरोरेघ. शाबासकीसाठी तिने वर पाहिलं, आणि माझा चेहरा तिला दिसला.

“चुकलं का रे काही?”

“नाही. छान आलंय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद होता. ‘मागचा जिना’. ज वाकडातिकडा, न कोसळलेला, शिरोरेघ तीन ठिकाणी तुटलेली. तिला पुन्हा झटका आला असणार. मी कागद उचलला, स्कॅनरवर ठेवला, झाकण बंद केलं, बटण दाबलं. फाइल दिग्दर्शकाला पाठवली. मग तिच्या खोलीकडे धावलो.

आत्या खुर्चीत बसून चहा पीत होती. कप उजव्या हातात होता आणि चहा जरासुद्धा हिंदकळत नव्हता.

“घाबरू नकोस. मुद्दाम लिहिलंय तसं,” ती म्हणाली. “चौकातलं पोस्टर पाहिलंय मी. माझा म मी ओळखणार नाही? इतके महिने माझीच थरथर होती ती, विसरेन कशी?”

मी दारातच उभा राहिलो. आत जाववेना, मागे फिरवेना.

“तुझ्या मशीनचा आवाज आला,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “मला वाटलं होतं, आधी इकडे येशील.”

खिशातला फोन वाजला. दिग्दर्शकच होता. मी तो घेतला नाही. तो काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि तिलाही.

आत्याने कप खाली ठेवला आणि बोटं उघडून मिटून पाहिली.

“अजून किती भाग निघणारेत?” तिने विचारलं. “तेवढं सांगून ठेव. म्हणजे हाताचा व्यायाम चालू ठेवायचा की नाही, ते ठरवते.”