अर्ध्या पाण्याचे ओगराळे

मित्रांनो, तुमच्या घरातल्या ओगराळ्याला रोज वरण मिळते, सणाला खीरही मिळते. मी एक जुने लाकडी ओगराळे आहे खरे, पण माझ्या नशिबी फक्त पाणी आणि तापलेले दगड. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेने न्हाण्याच्या लाकडी खोलीत, माझे सारे आयुष्य गेले. भट्टीवरच्या दगडांवर माझ्यातून पाणी ओतले की फस्स् करून वाफ उठते आणि फळ्यांवर बसलेली माणसे घाम गाळतात. दर शनिवारी हाच कार्यक्रम.

मला या सॉनाच्या मालकाने, सुलोने, बर्च झाडाच्या खोडाच्या गाठीतून कोरले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या तिन्ही मिळून तो चार शब्द बोलला असेल. सॉनात त्याचा नियम एकच होता: आधी खाली उतरेल तो कच्चा. त्याची मुलगी इर्मेली लहानपणापासून या नियमात वाढली. कान भाजून निघत, पण पोरगी सगळ्यात वरच्या, सगळ्यात गरम फळीवरून हलत नसे.

माणसे मला कळतात ती तळहातावरून. मूठ माझ्या दांड्यावर आवळली की अंगठ्यातले ठोके मला लागतात. ते मोजायचा मला भारी नाद. सुलोचे ठोके संथ असत, पण सासू पाहुणी आली की धावत सुटत. हृदय तर त्याचेच, मग त्याला पळायला सांगतो कोण? या कोड्याने मला वर्षानुवर्षे छळले.

सुलो गेला. इर्मेली शहरात नोकरीला लागली. आग, अपघात, बर्फातून तळ्यात पडलेली माणसे, असे संकटाचे फोन घ्यायचे तिचे काम. पंधरा वर्षे तिने ते केले. मग एका हिवाळ्यात ती आजारपणाची रजा घेऊन घरी आली, तेव्हा तिचा हात बदललेला होता. सॉनात ऐंशी अंश उष्णता, तरी तळहात गार आणि ओला! ठोके तर मोजता येईनात. पाणी ओतण्याआधी “टाकू का?” असे इतरांना विचारायची इथली रीत आहे. ती रीतही इर्मेली विसरली.

खालच्या फळीवर तिची हिल्कामावशी बसायची. जन्मभर गावोगाव फिरून नर्सचे काम केलेली बाई, कोणाचे ऐकून घेणारी नव्हे.

“डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारले.

“हृदय ठणठणीत आहे म्हणे. मग मावशी, टोस्टर वाजला तरी मी ताडकन का उठते? वसंतात कामावर गेले नाही तर माझी खुर्ची दुसऱ्याला देतील. आणि फोनच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडतंय.”

“आणि त्यावर हा उपाय काय?”

“घाम काढते. निघून जाईल सगळं.”

तिने लागोपाठ पाच वेळा मला काठोकाठ भरून ओतले. सहाव्यांदा घ्यायला झटकन उभी राहिली आणि भोवळ येऊन मला घेऊनच खाली आली. माझा काठ तडकला. तिला फार लागले नाही, पण मावशी घाबरली हे मला तिच्या आवाजावरून कळले.

मावशीने तिला बाहेरच्या ओट्यावर निजवले, पाय उंच ठेवले, पाणी पाजले आणि मग तोंड सोडले.

“बापावर गेलीस! अगं, अंगात दोन कारभारी असतात. एक संकटात पळवतो, दुसरा जेवण पचवतो, झोप आणतो. तुझ्या पहिल्याला पंधरा वर्षं सुट्टी नाही आणि दुसऱ्याला कोणी काम देत नाही. त्यात तू त्या पहिल्यालाच चाबूक मारतेस!”

“मग दुसऱ्याला कसं बोलवू?”

“हुकूम करून येत नाही तो. श्वास तेवढा आपल्या हातात आहे. तिथून सुरुवात कर.”

पुढच्या शनिवारी इर्मेली मला भट्टीत टाकायला निघाली. तडकलेल्या काठामुळे माझ्यात अर्धेच पाणी राहत होते.

“राहू दे. अर्धंच हवंय,” मावशी म्हणाली. “थोडं ओत. दगडांचा आवाज संपेपर्यंत श्वास सोडत राहा.”

मित्रांनो, थोडे पाणी ओतले की दगड फुत्कारत नाहीत, बराच वेळ हळू सुस्कारतात. इर्मेलीचा श्वास मात्र अर्ध्यातच संपायचा.

“मला तान्हं बाळ समजतेस का?” ती चिडली.

“बाळाला तरी श्वास सोडता येतो.”

मावशीने बाकीचेही लावून धरले: वेळेवर जेवण, रोज तळ्याभोवती चालणे, डॉक्टरांची तारीख न चुकवणे. आठवडे गेले आणि मला एक शोध लागला. श्वास घेताना ठोके जरा घाई करतात, सोडताना रेंगाळतात! मला इतका आनंद झाला की विचारू नका. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास त्या दोघा कारभाऱ्यांना आळीपाळीने हाक मारत होता.

तळ्याचा बर्फ वितळला. एका सोमवारी ती कामावर गेली. तो आठवडा मला फार मोठा वाटला. शनिवारी तिने मला उचलले आणि आधी विचारले, “टाकू का?”

“टाक. आणि सांग,” मावशी म्हणाली.

“पहिल्याच फोनला चढलं, मावशी. कानात ठोके. वाटलं, संपलं, मला नाही जमणार.”

“मग?”

“फोन पुरा केला. खिडकीशी उभी राहून हळूहळू श्वास सोडला.” ती हसत होती. “दिवसात सात वेळा चढलं. पण मावशी, सातही वेळा उतरलं.”

मित्रांनो, मलाही तोवर वाटत होते की बरे होणे म्हणजे ठोके कधीच न धावणे. तसे नसते. धावणारे मन परत घरी येऊ शकले की माणूस बरा. तुमच्या जवळच्या कोणाचा हात विनाकारण गार लागला, तर त्याला “घट्ट हो” असे सांगू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि आधी तुम्ही सावकाश श्वास सोडा.