आईंचा स्टाफ

आईंच्या अकरा सांगाड्यांपैकी एक नेहमी मागे राहतो. बाकीचे दहा जण पूल ओलांडून भुतांवर तुटून पडलेले असतात, तेव्हा हा अजून आपला पायऱ्या उतरत असतो. आईंनी त्याचं नाव ‘निवांत’ ठेवलंय. बाकीच्यांनाही नावं आहेत. घाईवाला, भांडखोर, दोन जुळे, मागून बाण सोडणारे तिरंदाज, आणि सगळ्यांच्या पुढे ढालीसारखा उभा राहणारा दगडाचा एक धिप्पाड, तो दगड्या. सगळे मिळून आईंचा स्टाफ.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होत्या. कुठली गाडी कुठल्या ड्रायव्हरबरोबर कधी सुटणार, वाटेत कोण बंद पडलं, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचं, हे सगळं त्यांच्या एका खिडकीतून चालायचं. रिटायर झाल्या, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि घरच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवायला लागल्या. तेव्हा माझ्या नवऱ्याने घाबरून आपला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडला आणि त्यावर एक गेम टाकून दिला. राक्षस मारायचे, लेव्हल वाढवायची, मिळालेले पॉइंट वाटून आपलं कॅरेक्टर घडवत न्यायचं, असा तो खेळ. त्याला वाटलं, चार दिवस करमणूक होईल. आज त्याला चार महिने झाले.

आईंनी आधी एक तलवारवाली घडवली होती. ती दोन दिवसांत मेली. या खेळात त्यांनी जो प्रकार निवडलाय त्यात मेलं की मेलं, कॅरेक्टर पुसूनच जातं. ‘एकटीनं किती धावायचं,’ म्हणाल्या आणि दुसरी घडवायला घेतली ती मांत्रिकीण. ही स्वतः लढत नाही. मेलेल्यांच्या हाडांतून सांगाडे उठवते आणि ते तिच्यासाठी लढतात. आईंनी मिळालेला एकूण एक पॉइंट त्या सांगाड्यांवर घातला. त्यांचं आयुष्य, त्यांचा वेग, त्यांची संख्या. डोक्यावर त्यांनी निवडलेला मुकुट असा, की त्याने स्टाफमध्ये एक जण वाढतो पण मांत्रिकिणीचं स्वतःचं आयुष्य निम्मं होतं. अंगात फाटका झगा. हातात काठी, तिने उंदीरही मरणार नाही. भिंग घेऊन त्यांनी लोकांनी लिहिलेले सल्लेही वाचले. त्यात एक ठरलेली युक्ती होती, आपलेच सांगाडे शत्रूंमध्ये पाठवून स्फोट करून उडवायचे. आईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, स्टाफ असा उडवून देणाऱ्या माणसाला मी डेपोच्या फाटकातही उभं केलं नसतं.

हे सगळं मला इतकं बारकाईने ठाऊक आहे, कारण त्या आठवड्यात मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते.

माझी मुलगी दहा महिन्यांची. सात आठवडे आधी जन्मली, पहिले चौतीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्या चौतीस दिवसांत मी श्वास मोजायला शिकले आणि ती सवय गेली नाही. आजही ती झोपली की मी मोजते. आई तिला ‘मुकादम’ म्हणतात, कारण कोणाच्याही मांडीवर बसून ती दुसऱ्यांच्या कामाकडे कपाळाला आठी घालून बघते.

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. करत होते म्हणा. तिथून पत्र आलं होतं, सोमवारी रुजू होणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. नवरा म्हणाला, आई आहे की घरात. मी म्हटलं, आई आहेत, पण आईंसमोर पडदा आहे आणि पडद्यावर भुतं आहेत. तो हसला. मला हसू आलं नाही. मुलीच्या बाबतीत मला हसू उशिरा येतं.

म्हणून आम्ही रंगीत तालीम ठरवली. सोमवार ते गुरुवार मी सकाळी दहाला आतल्या खोलीत जायचं, ऑफिसला गेल्यासारखं, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं नाही. पहिल्या दिवशी मी चौदा वेळा बाहेर आले. पाणी प्यायला, चार्जर शोधायला, एकदा तर नुसतीच. चौदाव्या वेळी आईंनी विचारलं, ‘तुझ्या ऑफिसात सुट्ट्या फार दिसतात?’

दाराच्या फटीतून मला जे दिसलं ते मी फोनमध्ये टिपत होते. मुलगी जागी असताना आईंनी खेळ सुरू केला नाही. ती झोपली की सुरू करायच्या, तिचं अंथरूण खुर्चीशेजारी जमिनीवर घालून. मला दोष काढायचा होता आणि तो सापडत नव्हता. मंगळवारी मी टिपण्या सोडून नुसतीच पडद्याकडे बघत राहिले. आईंची दोन बोटं सोडली तर त्या हलतच नव्हत्या. मांत्रिकीण एका खांबामागे उभी. पुढे अंधाऱ्या दालनात अकरा जण पसरलेले, कोणी उजवीकडे, कोणी जिन्यावर. एक कोसळला की पुढच्या क्षणी त्याच जागी जमिनीतून दुसरा उठायचा. गर्दी नाही, गोंधळ नाही. एवढ्या मोठ्या झुंडीत आई कुठेही घाईत नव्हत्या. मी लहानपणी पक्ष्यांचा थवा वळताना पाहिला होता, तेव्हा जसा श्वास अडकला तसा अडकला. मग लाज वाटली, की मी इथे मुलीचे श्वास मोजायला बसलेय आणि माझाच अडकलाय.

चूक केली ती बुधवारी. आई मुलीला घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. कॉम्प्युटर चालू होता. मी सहज खुर्चीत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात मांत्रिकिणीच्या आयुष्याचा लाल गोळा होता, लिंबाएवढा. तिला शिंक आली तरी ती मरेल असं वाटलं. फाटका झगा, डोक्यावर तो आयुष्य खाणारा मुकुट, सगळं दुसऱ्यांना देऊन बसलेली ती बाई. हिला काही झालं तर? हिच्या मागे कोण आहे?

मी पॉइंटांचं पान उघडलं. सांगाड्यांकडचे सात पॉइंट काढले आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यावर घातले. ‘नक्की?’ असं गेमने विचारलं. मी नक्की म्हटलं. लाल गोळा संत्र्याएवढा झाला आणि मला हायसं वाटलं. त्याच वेळी तिच्या मागे उभे असलेले दोन सांगाडे खळ्ळकन् खाली बसले आणि हाडांचे ढीग झाले. अकराचे नऊ. मी परत फिरायला गेले, पण पॉइंट काढायला जे मणी लागतात ते मी सगळे वापरून बसले होते. जिन्यावर आईंच्या चपला वाजल्या. मी उठले आणि आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसले, कॉपी करताना धरल्या गेलेल्या मुलीसारखी.

त्या दिवशी आई पुन्हा खेळल्या नाहीत. गुरुवारी अकराच्या सुमाराला मुलगी झोपली आणि त्या खुर्चीत बसल्या. मी दारात होते. मांत्रिकीण चार पावलं चालली असेल नसेल, आईंचा हात थांबला.

‘जुळे कुठंत?’

मी बाहेर आले आणि सांगून टाकलं. सात पॉइंट, मणी, सगळं. चार महिन्यांचं काम होतं त्यांचं. त्या रागावतील, निदान गप्प बसतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

‘का पण?’

‘तुम्हाला... म्हणजे तिला काही झालं असतं तर? काहीच नव्हतं तिच्याकडे.’

‘अगं, तिच्याकडे अकरा जण होते.’

एवढंच. मग म्हणाल्या, आज मोठ्या साहेबांकडे जायचं ठरवलं होतं. खेळातल्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जो अक्राळविक्राळ राक्षस असतो त्याला त्या साहेब म्हणतात. हे सगळ्यांत शेवटचे. मी म्हटलं, दोन कमी आहेत, थांबा, मणी जमवू. त्या म्हणाल्या, दोन ड्रायव्हर आजारी पडले म्हणून डेपो बंद ठेवत नाहीत. तू तालीम सोड आणि इथं बस.

मी मुलीच्या अंथरुणाच्या या बाजूला, जमिनीवर बसले. दार उघडलं आणि साहेब आले. पडदा पुरेना इतके उंच, चार हात, एका हातात घण. घण पडला की जमीन लाटेसारखी उठायची आणि दोन-तीन सांगाडे फुटायचे. आई त्यांना पुन्हा उठवायच्या. घाईवाला फुटला, उठला. भांडखोर फुटला, उठला. दगड्या एकटा साहेबांच्या पायाशी भिडून उभा. खांबामागून मांत्रिकीण एक शाप सोडायची, त्याने साहेबांचा हात जड व्हायचा, घण जरा उशिरा पडायचा, आणि त्या जराशा उशिरात नऊच्या नऊ आत घुसायचे. हे सगळं दोन बोटांत चाललं होतं. साहेबांचं आयुष्य निम्म्यावर आलं, मग त्याच्याही खाली.

मध्येच मुलगी जागी झाली. उठून बसली, ‘डडडड’ करत रांगत खुर्चीकडे आली. मी हात पुढे केला तर आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, ‘राहू दे, येऊ दे.’ वायरकडे वळली तेव्हा त्यांनी चांगला पाय आडवा टाकला. ती पायाला धरून बसली आणि पुन्हा डडडड सुरू. मी पडद्याकडे बघायला लागले. घण वर गेला होता.

आईंनी दोन्ही हात उचलले.

मला वाटलं, चुकून. पण त्या खुर्चीतून वळल्या, दुखऱ्या गुडघ्यावर खाली आल्या, मुलीला पालथी घेतली, पाठीत एक थाप दिली आणि तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं. खुर्चीच्या पायाची काळी रबरी टोपी, बोराएवढी. मुलगी खोकली आणि मोठ्याने रडायला लागली.

मी दीड हातावर बसले होते. माझं लक्ष तिच्याकडे असतं, नेहमी असतं, दहा महिने दुसरं काही केलेलं नाही मी. आणि मला कळलं नव्हतं.

‘कसं कळलं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘गप्प झाली ना ती.’ मुलीला खांद्यावर घेऊन त्या उठल्या. ‘चालत्या गाडीचा आवाज बदलला की मान वळतेच. तू तिला बघत असतेस. मी ऐकते.’

मग त्यांनी हनुवटीनेच पडद्याकडे दाखवलं. कीबोर्डवर कोणाचाही हात नव्हता. मांत्रिकीण खांबामागे पुतळ्यासारखी उभी होती, आणि ते लढत होते. कोणी सांगत नव्हतं, तरी. घण पडला, तिघे फुटले, आणि आता त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. सहा उरले. दगड्याला तडे गेले तरी तो जागचा हलला नाही. तिरंदाज मागे सरकून बाण सोडत राहिले. घाईवाला साहेबांच्या खांद्यावर चढला. घणाची एक लाट खांब फोडून थेट मांत्रिकिणीवर आली, लाल गोळा अर्ध्याहून खाली गेला आणि तिथे थांबला. मी ओरडणार होते, आई, बटण दाबा. पण त्यांच्या खांद्यावर मुलगी हुंदके देत होती आणि त्या तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवत उभ्या होत्या. चार उरले. तीन. मग साहेबांचे चारही हात एकदम खाली आले आणि तो डोंगर गुडघ्यावर बसला, कोसळला, आणि दालनात पहिल्यांदा उजेड पसरला. तीन सांगाडे वळले आणि चालत येऊन मांत्रिकिणीभोवती उभे राहिले.

मी तोंडावर हात ठेवून बसले होते. चार महिने आईंनी हे सगळं काय घडवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. त्या नसताना चालेल असं.

‘लाट आली तेव्हा माझे सात पॉइंट...’ मी हळूच म्हटलं.

‘तुझ्या पॉइंटांनी वाचले म्हणायचंय का? म्हण,’ आई म्हणाल्या. ‘जुळे असते तर लाट येण्याआधीच उरकलं असतं.’

मुलीचं रडणं थांबलं होतं. कपाळाला आठी घालून ती माझ्याकडे बघत होती. मी तिला घेतलं, तोंड उघडून आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि आईंनी मला बघू दिलं. मग मी खुर्चीच्या उरलेल्या तीन पायांच्या टोप्या ओढून काढल्या. आईंनी खुर्ची धरून ठेवली.

ऑफिसला कळवायला मला दोन ओळी लागल्या. पाठवून बाहेर आले आणि सांगितलं, सोमवारी जाते.

‘कितीची सुटणार?’

‘साडेनऊची.’

‘मग नऊ वीसला चपला घालायच्या. दारात उभं राहून घोळ घालायचा नाही, ती रडते. परत?’

‘साडेसहा. बस मिळाली तर.’

आईंनी मान डोलावली. त्यांनी हे तीस वर्षं किती जणांना विचारलं असेल, मला कल्पना नाही.

‘सातपर्यंत मी फोन करणार नाही,’ त्या म्हणाल्या.