गजेंद्रची नजर

"मावशी, मिरच्या टाकू नका! हात मागं घ्या!"

मी गाडीतूनच ओरडले, पण एक मिरची निखाऱ्यावर पडलीच. दारात शेगडी घेऊन उभ्या कौसाबाई, अन् गाडीतून उतरणारा त्यांचा लेक गजेंद्र, छातीत दुसऱ्याची फुप्फुसं घेऊन पांढुर्ण्याला परतलेला. मास्कच्या आत तो एकदा खोकला.

मी प्रणाली, नागपूरच्या दवाखान्यात फुप्फुस बदललेल्या पेशंटांची नर्स. माहेर लोधीखेड्याचं, म्हणून सुट्टी टाकून सोबत आले होते. कौसाबाईंना फोनवर सगळं पढवलं होतं. चूल नको, उदबत्ती नको, अंगणातला संत्र्यांचा ढीग हलवा, त्याला बुरशी धरते, भेटायला येणाऱ्यांना फाटकाबाहेरूनच रामराम. माऊलीनं सारं केलं. मिरच्या मात्र माझ्याही डोक्यात आल्या नाहीत. नजर काढणं आमच्याकडे धुरात धरतंच कोण!

शेगडी उचलून मी गल्लीच्या टोकाला पळाले. मागून कौसाबाई.

"काऊन वो बाई? लेकरू मरणाच्या दारातून आलं, अन् नजर नाई काढू?"

"धूर होते ना, मावशी!"

"नजर असली तं ठसका लागतच नाई. मंग डर कायचा?"

"अन् लागला ना आता ठसका?" मी भडकलेच. "आंगानं ते फुप्फुस परकं समजून हाकलू नाई, म्हणून औषधानं आंगाची ताकदच कमी केली हाये. जराशानं इन्फेक्शन होते. मंग दुसरं फुप्फुस कुठून आणू मी?"

कौसाबाईंचा चेहरा पडला. "मले काईतरी करू दे ना वं," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडं दवाखान्यात काचेतूनच पाह्यत होती मी त्याले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उरलेल्या मिरच्या त्यांनी लांबूनच ओवाळल्या, अन् शेजारचे कवडूकाका त्या घेऊन जाम नदीत सोडायला गेले.

आत आल्यावर गजेंद्रच्या हाती मी श्वासाचा जोर मोजणारं फुंकायचं यंत्र दिलं. त्याला रोज फुंकायचं असतं. आकडा घसरला, तर लगेच दवाखाना. त्या खोकल्यानं मला धास्तीच भरली होती.

"सगळा जोर लाव, भाऊ! आणखी! आणखी!"

त्यानं डोळे गच्च मिटून फुंकलं. मी आकडा पाहिला अन् चक्क उडीच मारली. "सकाळपेक्षा जास्त! मावशी, सकाळपेक्षा जास्त!"

"खरं सांगून राहिली?" गजेंद्र हसत होता, रडतही होता.

"तुमी आता हात धुवा," मी कौसाबाईंना म्हटलं. "कोपरापर्यंत, साबणानं. मास्क बांधा. मंग या जवळ."

त्यांनी देवपूजेला बसावं तसे हात धुतले. येऊन थेट लेकाच्या पाठीला कान लावला.

"घरघर गेली वो," त्या पुटपुटल्या. "पलीकडच्या खोलीत आयकू येत होती. सारी गेली." मग म्हणाल्या, "कोणाचा होता वं हा श्वास?"

"सांगत नाईत, मावशी. एक पोरगा होता, एवढंच ठाऊक."

"त्याच्या मायले कोणी सांगतलं काय, का त्याचा श्वास अजून चालून राहिला म्हणून?"

गजेंद्र जरासुद्धा हलला नाही. कौसाबाई डोळे मिटून, कान तसाच ठेवून, त्या दुसऱ्या मायच्या पोराचा श्वास ऐकत राहिल्या.