गाडी उलाळली की

चुडावा गावातल्या घरात संघप्रिया खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये उलथणं धरून विमान चालवत होती. नाक वर, वेग कमी. पंखांना भार पेलेनासा होतो, विमान थरथरतं, पडायला लागतं. आता दांडा पुढं ढकलायचा. नाक खाली गेलं की वेग येतो, पंख पुन्हा पेलतात. बीएस्सी फिजिक्सवालीला यात अवघड ते काय? पण वर आकाशात दोनदा समोर जमीन आली आणि दोन्ही वेळा तिनं दांडा छातीशी ओढला. शेजारी बसलेल्या ट्रेनिंगच्या सरांना तो हिसकावून घ्यावा लागला. सोमवारी तिसरी खेप. तीही हुकली तर ट्रेनिंग बंद.

तेवढ्यात बाजेवरची सृष्टी कडेला सरकली. संघप्रियानं उलथणं फेकून लेकीला छातीशी ओढलं.

"हे बघ, माय. आठ महिने हेच केलंय. हाताला दुसरं काही येतच नाही आता."

"घाल लेकराच्या डोक्यावर खापर," मालनबाई कणीक मळता मळता म्हणाली. "आन् लहानपणी कापसाची गाडी उलाळली की काय करायचीस?"

मागं भार झाला की गाडीचं तोंड वर उचलायचं, बैलांचे गळे आवळायचे.

"पुढं पळायचे. जुवापाशी जाऊन बसायचे."

"कासरा ओढायची का?"

"माय, ते बैल होते. हे विमान हाय."

"मग सोपंच हाय की. लाथ तरी मारत न्हाई."

संघप्रियाला हसू आलं नाही. उलट डोकंच फिरलं. जिनं कधी विमानात पाय ठेवला नाही, ती शिकवायलीय. तिनं उलथणं उचललं, धुतलं आणि जागेवर ठेवलं.

सोमवारी नाक वर गेलं, वेग तुटला, भोंगा वाजला. विमान थरथरलं आणि धपकन खाली झुकलं. जमीन समोर आली. संघप्रिया जुवाकडं सरकावं तशी पुढं लवली, खांद्यावरचे पट्टे करकचले, आणि अंगाबरोबर हातही पुढं गेला. जमीन मोठी होत राहिली. होऊ दिली तिनं. वेगाचा काटा चढला. मग पॉवर, मग हळूहळू नाक वर.

"डोकं घालून काय शोधत होतात?" सर म्हणाले. "हातानं ढकलायचं असतं, अंगानं नाही. पुन्हा करा."

शाबासकीचा एक शब्द नाही. दात आवळून ती "हो सर" म्हणाली आणि नाक पुन्हा वर उचलायला लागली. तेव्हा कुठं तिला दिसलं, सरांचे दोन्ही हात मांडीवरच होते.